मेच्या उन्हात कुत्र्यासह ठाणे ते खारघर: गाडी उभी राहते तेव्हा

आदला दिवस

मार्ग सोपा आहे. पहिल्या दिवशी घोडबंदर रोडवरून उपवन, येऊरचा पायथा आणि नौपाडा. दुसऱ्या दिवशी कळवा-विटाव्यावरून ऐरोली, वाशी आणि पाम बीच रोडने बेलापूर. तिसऱ्या दिवशी खारघर करून परत. शंभरेक किलोमीटरचा फेरा. गाडी चालत असते तोवर कुत्र्याची फारशी चिंता नसते, एसी चालू असतो आणि माणसं आत असतात. घात होतो तो गाडी उभी राहिल्यावर. म्हणून आखणी थांब्यांवरून केली आहे: कुठे, किती वाजता, आणि गाडीत कोण बसणार.

गाडी सीएनजीवरची हॅचबॅक. कुत्रे दोन, २८ किलोची काळी लॅब (लॅब्रॅडॉर) आणि ८ किलोचा पग. मोठी माणसं किमान दोन हवीत, कारण प्रत्येक थांब्यावर एकाला कुत्र्यांबरोबर राहायचं आहे. एकट्यानेच निघायचं असेल तर वाटेतली प्रत्येक जागा कुत्र्यासह उतरता येईल अशीच निवडावी. नाहीतर कुत्रा घरी पंख्याखाली बरा.

बंद गाडी किती वेगाने तापते, याची मोजणी अमेरिकेत झाली आणि २००५ साली ती प्रसिद्ध झाली. बाहेर २२ अंश असो वा ३६, तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा चारेक सेंटिमीटर खाली ठेवल्या तरी फरक नगण्य. ठाण्यात बाहेर ३४ अंश असताना हाच हिशोब लावला तर अर्ध्या तासात आत पन्नाशी ओलांडते. काचा थोड्या उघड्या ठेवल्या की भागतं, हा समज इथेच संपायला हवा.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की उष्माघात. त्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांपुरताच, बाकी सगळा भार जीभ काढून धापा टाकण्यावर. धापेने जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी उडतं आणि रक्त थंड होतं. हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्याने गाठता येणारं तापमान जेमतेम २९ च्या आसपास राहतं. कोरड्या गावांत चालणारे ओल्या टॉवेलचे उपाय ठाण्याच्या खाडीकाठी अर्धेच लागू पडतात ते यामुळे. पगचं नाक आखूड, टाळू लांब, श्वासाची वाट अरुंद. त्याला धाप टाकण्यासाठीही कष्ट पडतात आणि त्या कष्टांनी अंग आणखी तापतं. लॅबच्या निम्म्या वेळात त्याची अवस्था बिघडू शकते असं धरून चालावं.

एसीची परीक्षा संध्याकाळीच घ्यायची. गाडी जागेवर उभी ठेवून एसी पूर्ण, आतली हवा फिरवणारं बटण दाबलेलं, दहा मिनिटं. बोनेट उघडून कंडेन्सरसमोरचा (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोरचा) पंखा फिरतोय का ते पाहायचं. हा पंखा बंद असेल तर रस्त्यावर धावताना समोरच्या वाऱ्यामुळे एसी ठीक वाटतो, पण सिग्नलला किंवा कोंडीत गरम हवा येऊ लागते. डॅशबोर्डवरच्या एसीच्या मधल्या झरोक्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरावा. उभ्या गाडीत तो १५ अंशांच्या खाली येत नसेल तर आधी एसीवाल्याकडे, मग सहलीला. एसीचा गॅस भरून घेण्याआधी कंडेन्सरच्या जाळीतली धूळ आणि केबिन फिल्टर (आतली हवा गाळणारी जाळी) पाहायला सांगा, पुष्कळदा दुखणं तिथेच निघतं.

सामान मोजकं. पाणी दोन्ही कुत्र्यांचं मिळून ५ लिटर (कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली लागतं, उन्हात जास्त), शिवाय अंगावर ओतायला १० लिटरचा वेगळा कॅन. पसरट वाडगा, दोन सुती पंचे, पुढच्या काचेचा चकचकीत पडदा, आर्द्रता दाखवणारा डिजिटल थर्मामीटर, कुत्र्यासाठी राखलेला ताप मोजायचा थर्मामीटर आणि व्हॅसलीन. छातीचा पट्टा आणि त्याला अडकवायचा सीटबेल्टचा तुकडा. गळपट्ट्याला बेल्ट कधीच लावायचा नाही, करकचून ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. वाटेतल्या व्हेटचा नंबर आणि ‘दुपारी दोनला उघडं असतं का’ याचं उत्तर आजच विचारून ठेवायचं. बरेच दवाखाने दुपारी बंद असतात.

बर्फाच्या बाटल्यांवर फार विसंबू नये. एक लिटर बर्फ वितळताना साधारण ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. उन्हातल्या गाडीच्या नुसत्या पुढच्या काचेतून पाचेकशे वॅट आत येतात. म्हणजे ती बाटली त्या एका काचेशी दहा-बारा मिनिटं झुंजते, पुढे ती फक्त गार पाणी.

पहिला दिवस: उपवन, येऊरचा पायथा, नौपाडा

सकाळी सहाला निघायचं. खाणं रात्रीच उरकलेलं. सकाळी भरल्या पोटी गाडीत बसवलं तर उलटी होते, आणि उलटी म्हणजे तेवढं पाणी गेलं. उपवन तलावाकाठी साडेसहाच्या सुमारास चालणाऱ्यांची गर्दी असते, पण जमीन अजून गार असते. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून पाहायची. ठेववत नसेल तर पंजे पोळणार. हवा ३० च्या पुढे गेली आणि ऊन थेट असलं की डांबर पन्नास-साठ अंशांना पोचतं, त्यामुळे साडेआठनंतर मातीवर किंवा गवतावरच.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. बिबट्यांचा वावर आहे, जंगलात कुत्रा न्यायचा नाही. पायथ्याशी झाडाखाली गाडी लावून कुत्र्यांना पाणी पाजायचं आणि वळायचं. इथे सावलीची पहिली शिकवणी होते. गुलमोहराची सावली दिसायला मोठी, पण पानं बारीक असल्याने ऊन गाळून खाली येतं. वड, आंबा आणि दाट पर्जन्यवृक्ष खरे. झाड निवडताना आता सावली कुठे आहे ते पाहू नका, दोन तासांनी कुठे असेल ते पाहा. शेजारी टपरी असेल तर सरळ विचारावं, “दादा, इथे ऊन किती वाजता येतं?” रोज तिथे बसणाऱ्याला मिनिटाच्या हिशोबाने ठाऊक असतं.

मेमधल्या ठाण्याची आणखी एक खोड आहे. १६ मेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उंच इमारतीच्या पायाशीही सावली उरत नाही. चार मजली, म्हणजे बाराएक मीटर उंच इमारतीची सावली दोन वाजता चार-साडेचार मीटर भरते, गाडी भिंतीला चिकटवून लावली तरच ती आत मावते. साडेतीनला तीच सावली दहा-साडेदहा मीटर होते. दुपारनंतर इमारतीच्या पूर्वेला आणि सकाळी पश्चिमेला गाडी लावायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. साडेअकरा ते दीड या वेळात इमारतीच्या सावलीवर भरवसा नको. तेव्हा झाड किंवा छप्पर.

नौपाड्यात खरेदी असेल तर ती सकाळी दहालाच आटपावी. गोखले रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर गाडी कुठल्या बाजूला लावायची हे पाटीवरची सम-विषम तारीख ठरवते, सावली ठरवत नाही. आणि गाडी चुकीच्या जागी असेल तर टोइंगवाले उचलतात. आत कुत्रा आणि गाडी यार्डात, एसी बंद, मालक दुकानात साडी बघतोय, याहून वाईट गणित नाही. म्हणून एकजण ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहतो. मागच्या सीटवर नव्हे, ड्रायव्हरच्याच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी असताना ड्रायव्हरच्या जागी परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. ‘एसी चालू ठेवून गेलो’ हे त्यामुळे नियमातही बसत नाही.

ते धोक्याचंही आहे. चावीशिवाय चालू होणाऱ्या काही गाड्या आत कोणी नाही असं कळलं की स्वतःच बंद पडतात. जुन्या गाडीत इंजिन तापलं की एसीचा कॉम्प्रेसर बंद होतो, गारवा थांबतो आणि पंखा मात्र गरम हवा फेकत राहतो. कुत्रा पुढे उडी मारतो, पंजा गिअरवर पडतो. दाराच्या लॉकच्या बटणावर पडला तर चावी आत आणि माणूस बाहेर. काचेच्या बटणावर उभा राहिला तर काच खाली, आणि डोकं बाहेर असताना पंजा दुसऱ्या टोकावर गेला तर काच वर. म्हणून मागच्या काचांचं चाइल्ड लॉक कायम दाबलेलं, आणि चावी नेहमी खिशात.

रात्री मुक्कामी पोचल्यावर वाडग्यात किती पाणी उरलं ते बघायचं, बस.

दुसरा दिवस: कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर

सकाळी सातच्या आत कळव्याचा पूल आणि विटाव्याचा रेल्वेपूल मागे टाकला तर अडचण नाही. आठनंतर तिथे गाड्या एकमेकींना चिकटून सरकतात. समोरच्या गाडीच्या एक्झॉस्टची गरम हवा आपल्या कंडेन्सरवर येते आणि एसी मंदावतो. अशा कोंडीत दोन-तीन मीटर अंतर राखलं तरी झरोक्यातल्या हवेत फरक पडतो.

मग येते सीएनजीची रांग. दुपारी या रांगेत अर्धा तास सहज जातो, आणि नळी लावताना इंजिन बंद करून सगळ्यांनी उतरायचं असतं. कुत्र्यालाही उतरायचंच असतं, ही गोष्ट फार थोड्यांच्या डोक्यात असते. आडोसा पंपाच्या छतापुरता, बाकी तापलेलं काँक्रीट. एकाने कुत्र्यांना घेऊन आधीच उतरावं, पंपाबाहेर झाड पाहून उभं राहावं, आणि गाडी भरून तिथे आली की चढावं. सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी सहाला किंवा रात्री दहानंतर गॅस भरणं, किंवा त्या दिवसापुरतं पेट्रोलवर चालणं.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला बोटी सुटतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आहे. बोटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, आपली सोय नाही. म्हणजे ती दुपारी बाराचीही असू शकते. फेरी साधारण तासाभराची. तेवढा वेळ कुत्रे गाडीत ठेवायचा विचारही नको. अर्धी माणसं आज, अर्धी पुन्हा कधीतरी. खाडीकाठी वारा असतो म्हणून बरं वाटतं, पण तो वारा गाडीत शिरत नाही, आणि काचेतून आत आलेलं ऊन सीट आणि डॅशबोर्ड तापवतंच.

उभ्या गाडीत परत चढण्याची पद्धत ठरलेली असावी. आधी चारही दारं आणि डिकी उघडी, दोन मिनिटं. मग इंजिन चालू, पंखा पूर्ण, काचा अर्ध्या खाली, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर जाते. मिनिटभराने काचा वर, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू. आता हात फिरवायचा: सीटच्या बेल्टची धातूची जीभ, पिंजऱ्याचा तळ, रबरी मॅट. बेल्टची जीभ उन्हात पोळण्याइतकी तापते आणि कुत्रा नेमका तिच्यावरच बसतो. डिकीत पिंजरा असेल तर लक्षात घ्या, हॅचबॅकच्या डिकीला एसीचा झरोका नसतो आणि मागच्या काचेचं ऊन थेट तिथे पडतं. पिंजऱ्यापाशी थर्मामीटर ठेवला की पुढच्या सीटवर आणि मागे किती फरक आहे ते दिसतं, आणि मग तो पिंजरा आपोआप मागच्या सीटवर येतो. आतली हवा तासभर फिरवल्यावर दोन मिनिटं बाहेरची हवा घ्यावी, बंद गाडीत चार-पाच जिवांचा श्वास साचतो.

काचांना काळी फिल्म हा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी आणली. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. गाडी उभी असताना पडदे लावायचे, निघताना काढायचे. चकचकीत पडदा काचेच्या आत लावण्यापेक्षा बाहेरून लावला तर जास्त उपयोगी, कारण ऊन काच ओलांडायच्या आधीच परततं. वाऱ्याने उडू नये म्हणून टोकं दारात दाबावीत.

वाशी आणि सीवूड्सच्या मॉलचं तळघर दुपारी फार मोहात पाडतं. ऊन नाही हे खरं. पण हवा कोंडलेली, दमट, आणि शेकडो तापलेल्या इंजिनांची. तिथे एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर धूर साचतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे गाडीतलं तापमान फोनवर कळवणारं यंत्र तिथे आंधळं होतं. ब्लूटूथवाली यंत्रं तर फार दूर पोचतच नाहीत. जुना फोन गाडीत ठेवून व्हिडिओ कॉल लावणारेही आहेत. आयफोनसाठी कंपनीनेच वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंत दिली आहे. तापलेल्या गाडीत फोन आधी बंद पडणार आणि नेमकं पाहायला हवं तेव्हा पडदा काळा. यंत्र धोका सांगतं, कुत्र्याला बाहेर काढत नाही. ते काढणारा दोन मिनिटांच्या अंतरावर असेल तरच त्याचा उपयोग.

काही इलेक्ट्रिक गाड्यांत मालक उतरल्यावरही एसी चालू ठेवण्याची सोय असते. टेस्लाने २०१९ साली खास कुत्र्यांसाठी ती आणली. इंजिन नसल्याने धूर नाही, हा मोठा फायदा. तरी बॅटरी २० टक्क्यांच्या आसपास आली की अनेक गाड्या अशी सोय स्वतः बंद करतात, म्हणून निघताना बॅटरीचा आकडा बघावा, आणि अर्ध्या तासाच्या पुढे तिच्यावरही सोडू नये.

पाम बीच रोडवर दुपारी थांबायचं कारण नाही. सावली नाही आणि गाड्या वेगात असतात. बेलापूरला मुक्कामी चारच्या आत पोचायचं. तिथे कुत्रे खोलीत चालतात का हे बुकिंग करतानाच लेखी विचारलेलं असावं. दारात नकार मिळाला की ‘आजची रात्र गाडीत झोपेल’ असा विचार सुचतो, आणि मेची रात्रही दमट असते.

तिसरा दिवस: खारघर आणि परत

खारघरच्या टेकडीवर पहाटे साडेपाचला. मेमध्ये पांडवकडा कोरडा असतो, धबधब्याच्या आशेने कोणी जाऊ नये. चढ सुरू झाला की पगला उचलून घ्यायचं किंवा खालीच ठेवायचं. साडेसातला उतरायचं, मग ऊन कितीही कोवळं वाटो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्याच उघड्या मैदानावर सरकारी सोहळ्याला आलेली माणसं उष्माघाताने दगावली. माणसाला सगळ्या अंगभर घाम येतो, तरीही.

उष्माघाताची पहिली खूण आवाजात असते. धाप खरखरीत होते, जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाजूला लोंबते, लाळ चिकट आणि तारेसारखी होते, हिरड्या विटकरी लाल. पुढे चालताना झोकांडी, उलटी, कधी रक्ताची हगवण, मग कोसळणं. धाप अचानक थांबली म्हणजे बरं वाटलं असं समजू नये, बहुतेकदा ते उलटंच असतं.

अशा वेळी आधी थंड करायचं, मग दवाखाना. सावलीत आणून कॅनमधलं पाणी अंगभर ओतायचं, केसांतून कातडीपर्यंत पोचेल असं, पोट आणि जांघा नीट भिजतील असं. नळाचं साधं पाणीही कुत्र्यापेक्षा गारच असतं, बर्फ शोधत बसू नये. मग एसीचा झोत थेट अंगावर, किंवा पुठ्ठ्याने वारा. ओला पंचा अंगावर झाकून ठेवायचा नाही. मिनिटाभरात तो अंगाइतका तापतो आणि उष्णता आत कोंडतो. पंचा खाली अंथरा. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काहीही नाही. हा ताप नव्हे, औषधाने उतरत नाही, आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी आहे. गुदद्वारातलं तापमान ३९.५ ला आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर ते फार खाली घसरतं. मग एसी चालू ठेवून व्हेटकडे. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी जायचंच, मूत्रपिंडांचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं दोन-तीन दिवसांनी बाहेर येतं.

दुसऱ्या कोणाचा कुत्रा बंद गाडीत धापा टाकताना दिसला तर नंबरप्लेटचा फोटो, जवळच्या मॉलच्या किंवा सोसायटीच्या सिक्युरिटीकडून घोषणा, आणि ११२ ला फोन. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. कलम ११ मध्ये गाडीतून हाल होतील असं नेणं आणि अपुऱ्या जागेत कोंडणं दोन्ही येतात. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. 

परतीला निघायचं ते सकाळी दहाच्या आत, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. दुपारी घोडबंदर रोडला अडकलो आणि एसी बंद पडला तर काचा चारही पूर्ण खाली, कुत्र्यांची पोटं आणि पंजे ओले करायचे, आणि पुढचं वळण घेऊन पहिल्या छपराखाली उतरायचं. धावत्या गाडीचा वारा अंगाला लागतो, उभ्या गाडीचा नाही, त्यामुळे ‘जरा पुढे सरकेल’ म्हणत बसून राहू नये. गाडी नंतर उचलून नेता येते.

घरी आल्यावर पंजांच्या गाद्या बघायच्या, सोलल्या असतील तर धुवून व्हेटला दाखवायच्या, नुसत्या कोरड्या असतील तर बोटभर व्हॅसलीन. पुढचे तीन दिवस लघवीचा रंग आणि शौच पाहत राहायचं. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. मॅट आणि पट्टे धुवून वाळत घालायचे, आणि गाडी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा केबिन फिल्टर बदलायचं सांगायचं. कुत्र्याच्या केसांनी तो निम्म्या वेळात भरतो.